साष्टीतून परागंदा झालेलं घराणं गोव्याच्या जुन्या कागदांत सापडेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही कुमठ्याचे प्रभू, कुलदेवी म्हाळसा. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून पूर्वज साष्टीतून, म्हणजे दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्यातून, रातोरात निघाले असं आजी सांगायची, पण मूळ गाव घरात कुणालाच ठाऊक नाही.

माग लागू शकतो. पण थेट पूर्वजांची नावं शोधायला गेलात तर हात हलवत परत याल. रात्री घर सोडणारा माणूस कुठे नोंद करून जाणार? शोधायची ती जमीन आणि देवी. जमीन मागे राहिली, देवी बरोबर गेली, आणि या दोन्हींचा हिशोब कुणीतरी ठेवत होतंच.

आधी देवी. म्हाळसा मूळची साष्टीतल्या वेर्णे गावची. 1567 साली राशोल किल्ल्याच्या पोर्तुगीज कप्तानाने साष्टीतली देवळं पाडायला घेतली, आणि भक्तांनी मूर्ती जुवारी नदी ओलांडून अंत्रुजेत, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, मार्दोळला नेली. अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होती; पोर्तुगीजांच्या हाती ती थेट 1763 मध्ये आली. मधली दोनशे वर्षं नदीचा हा काठ म्हणजे पळून आलेल्यांचा आणि त्यांच्या देवांचा आसराच होता. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, लोटलीचा रामनाथ, सगळे त्याच धामधुमीत इकडे आले.

पण कुलदेवी वेर्ण्याची म्हणून तुम्ही वेर्ण्याचेच असं लगेच धरून चालू नका. एका देवीची कुळं आसपासच्या गावांतही असत. इथे गोत्र आणि घरातला पालवी देव, म्हणजे कुलदेवीबरोबर घराण्यात पुजला जाणारा जोडीचा देव, कामाला येतात. कुलदेवी, गोत्र आणि पालवी ही तीन टोकं जुळली की गावांची यादी दोन-चारांवर येते. पूजेला आणखी कोणाचं नाव घेतात, नारळ कोणाला ठेवतात, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आजच विचारून ठेवा. असली माहिती कागदावर क्वचितच असते.

आता देवस्थानची बाजू. 1886 साली पोर्तुगीज सरकारने देवस्थानांसाठी कायदा केला आणि महाजनांच्या, म्हणजे देवळाच्या वंशपरंपरागत हक्कदारांच्या, याद्या रीतसर होऊ लागल्या. तुमची शाखा त्याआधी कित्येक पिढ्या कर्नाटकात गेलेली, म्हणजे त्यात तुमचे आजोबा-पणजोबा असण्याचा संभव कमी. पण त्याच गोत्राचे प्रभू कुठल्या कुळातून महाजन झाले ते कळलं तरी पुष्कळ.

मग जमीन. गोव्यात गावची जमीन गावकरीची, म्हणजे मूळ घराण्यांच्या सामायिक संस्थेची; त्या घराण्यांतले ते गावकार, आणि ते वांगडांत, म्हणजे कुळांच्या गटांत, विभागलेले. कुठल्या वांगडाचा कोण, झोण, म्हणजे गावच्या उत्पन्नातला वाटा, कुणाला मिळतो, शेताचा लिलाव कुणी घेतला, हे गावकरीच्या वह्यांत उतरत गेलं. या वह्या काही कोमुनिदादींकडे (गावकरीचंच पोर्तुगीज नाव), काही मडगाव-म्हापशाच्या प्रशासक कचेऱ्यांत, आणि जुनं बरंच पणजीच्या पुराभिलेख खात्यात आहे. देवळं पाडल्यावर देवळांच्या जमिनींची गावोगाव मोजदाद झाली, तीही 1567-68 च्या सुमाराची तिथेच पाहायला मिळते.

यात तुमचं आडनाव 'प्रभू' म्हणून शोधलंत तर काहीही मिळणार नाही. पोर्तुगीज लेखक 'पोरोब' लिहीत. कामत त्यांच्याकडे 'कामोतीं' होतो, शेणवी 'सिनाय', नायक 'नाईक'च, पण शेवटी यू-ई लावून. 'श'साठी ते एक्स हे अक्षर वापरत, त्यामुळे इंग्रजी डोळ्याला निम्मी नावं ओळखूच येत नाहीत. त्यातून त्या काळची लोखंडी शाई कागद खाते. पान उजेडासमोर धरलं तर अक्षराच्या जागी अक्षराच्याच आकाराचं भोक दिसतं, आणि मागच्या पानावरचं अक्षर त्यातून डोकावतं. 'पोरोब' आहे की 'पोरोस' यावर अर्धी सकाळ जाते.

एक गोष्ट तुम्हाला कदाचित रुचणार नाही, पण सांगतो. बऱ्याच घरांत एक भाऊ गेला आणि दुसरा राहिला. राहिलेल्याचा बाप्तिस्मा झाला, धर्मपित्याचं आडनाव लागलं, शेत मात्र तेच आणि वांगडही तोच. म्हणून चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नांच्या वह्या वगळू नका. नव्या ख्रिस्तावाचं किंवा त्याच्या बापाचं आधीचं हिंदू नाव कधी कधी तिथे लिहिलेलं असतं. साष्टीतल्या कुंकळ्ळी गावचा सत्र्यांचा, म्हणजे छत्र्यांचा, उत्सव पाहिलात तर हे चटकन पटेल: बारा वांगडांच्या बारा छत्र्या, आणि हिंदू-ख्रिस्ती दोन्ही गावकार त्यात. तुमचे सख्खे भाऊबंद आज वेर्ण्यात किंवा आसपासच्या गावात नाताळ साजरा करत असतील.

इन्क्विझिशनच्या, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाच्या, दप्तराची आशा धरू नका. 1812 मध्ये ते न्यायालय कायमचं बंद झालं आणि बहुतेक कागद नष्ट केले गेले. 1623 पर्यंतच्या खटल्यांची एक सूची लिस्बनला आहे, पण खटला चालला तो पकडलेल्यांवर, निसटलेल्यांवर नव्हे.

ज्ञातीच्या स्मरणिकांतून छापलेल्या वीस-बावीस पिढ्यांच्या वंशावळींवर माझा फारसा विश्वास नाही. अलीकडच्या सहा-सात पिढ्या खऱ्या असतात. त्यावरच्यांत विठ्ठल, मंगेश, पुन्हा विठ्ठल अशी रांग लागली की समजावं, भोकं बुजवली आहेत. त्यापेक्षा नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी भरवशाच्या, कारण तिथे यात्रेकरू स्वतः सही करतो आणि बरोबरच्यांची नावं देतो. गोकर्ण तर तुमच्याच तालुक्यात. घराचे ठरलेले उपाध्ये असतील तर त्यांच्या वह्या आधी बघा. आणि कुमठ्याच्या जमिनीचे कागद विसरू नका. उत्तर कन्नड 1862 मध्ये मुंबई इलाख्यात आला, त्याआधी तो मद्रासकडे होता, त्यामुळे जुनं काही चेन्नईला निघू शकतं. ही बाजू पक्की केल्याशिवाय गोव्यात येऊ नका. इथे पहिला प्रश्न 'तुमच्याकडे काय आहे?' हाच असतो.

येताना मोडी वाचणारा कुणी बरोबर आणा. पोर्तुगीज वाचणारे पणजीत भेटतात, मोडीवाले कमी. मार्दोळला नवरात्रात किंवा माघातल्या जत्रेच्या दिवसांत जाऊ नका, कमिटीला तेव्हा बोलायला उसंत नसते. पावसाळ्यात गेलात तर बसवून चहा देतील आणि वहीही काढतील.