कॅल्क्युलस कुणाचं सोपं?

प्रश्न : मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. जाऊबाईंची मुलगी कॅलिफोर्नियात यूसीएलए विद्यापीठात गेली. ती सांगते, पहिले दहा आठवडे बहुतेक डेरिव्हेटिव्हच, म्हणजे आपलं बारावीचं विकलनच. जाऊबाई म्हणतात, “आमच्या हिचं तिकडे अगदी सोपं चाललंय.” इकडे मुलाचं एम-वन, म्हणजे पहिल्या सेमिस्टरचं गणित, धडाधड पुढे जातंय. आयआयटी मुंबईतल्या त्याच्या मित्राचं तर म्हणे सगळं एका सेमिस्टरमध्ये आटोपतं. एकाच विषयाचे असे तीन वेग कसे? माझ्या मुलाचं कॉलेज मागे तर नाही ना?
— एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, आधी हिशेब मांडू या. यूसीएलएचं वर्ष क्वार्टरमध्ये विभागलेलं असतं. एक क्वार्टर म्हणजे दहा आठवड्यांचं शिकवणं. एका व्हेरिएबलचं कॅल्क्युलस ३१ए आणि ३१बी या दोन कोर्सांत, अनेक व्हेरिएबल्सचं ३२ए आणि ३२बी मध्ये. आठवड्याला तीन लेक्चर्स धरली तर चार क्वार्टर मिळून साधारण १२० लेक्चर्स होतात आणि शेवटाला ग्रीन, स्टोक्स, गाऊस यांची प्रमेयं येतात. आयआयटी मुंबईच्या एमए १०५ या कोर्समध्ये हाच पल्ला बरीच वर्षं एका सेमिस्टरमध्ये गाठत असत. आठवड्याला तीन लेक्चर्स, एक ट्युटोरियल. म्हणजे चाळीसएक लेक्चर्स. तिपटीचा फरक!

आयआयटीला हे जमतं, कारण समोरचा मुलगा जेईई देऊन आलेला असतो. इंटिग्रल कसं सोडवायचं हे त्याला कुणी शिकवत बसत नाही. गंमत म्हणजे तरीही ते सुरुवात पार मागून करतात. सिक्वेन्स, एप्सिलॉन, लिमिट म्हणजे नेमकं काय. मुलांना वाटतं, हे तर अकरावीतच झालं! पण अकरावीत झालेलं असतं लिमिट काढणं. ते तिथे आहे हे सिद्ध करणं वेगळं.

तुमच्या पुतणीच्या वर्गात मात्र शाळेत कॅल्क्युलस केलेली आणि न केलेली अशी दोन्ही प्रकारची मुलं असतात. त्यामुळे अमेरिकेत एका विषयाला दारं अनेक असतात. एमआयटीत ज्यांचं शाळेत वर्षभर कॅल्क्युलस झालंय त्यांच्यासाठी १८.०१ए नावाचा वेगळा कोर्स आहे. एका व्हेरिएबलचा भाग साधारण सहा आठवड्यांत उरकून ती मुलं थेट पुढच्या कोर्सला लागतात. तेव्हा पुतणीचा वेग हा ती ज्या दारातून आत गेली त्या दाराचा आहे. त्यावरून तिचं विद्यापीठ सोपं ठरत नाही.

आता तुमच्या मुलाकडे येते. एम-वन मी सव्वीस वर्षं शिकवलं, त्यामुळे थोडं परखड लिहिते. मी निवृत्त झाले तेव्हा पुणे विद्यापीठाचा २०१९ चा पॅटर्न होता. सहा युनिट. मीन व्हॅल्यू थिअरम, टेलर, फुरिए सिरीज, पार्शल डेरिव्हेटिव्ह दोनदा, आणि मॅट्रिक्सची दोन युनिट. इंटिग्रेशन एम-टूमध्ये, व्हेक्टर कॅल्क्युलस बऱ्याच शाखांना दुसऱ्या वर्षी एम-थ्रीमध्ये. विषय पुढचे दिसतात खरे. पण बारावीचं विकलन पक्कं आहे असं धरून गाडी सुटते आणि वाटेत त्यासाठी कुठे थांबत नाही. सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत उडवलेल्या मुलांचा हात चालतो, यात शंका नाही. डोकं त्याच्या मागून येतंय का, हे मात्र त्या परीक्षेत कळत नाही.

एकदा ट्युटोरियलला मी मॉड एक्स दिलं होतं, उणे एक ते एक या अंतरात. त्याचा आलेख इंग्रजी व्ही अक्षरासारखा, शून्यापाशी टोकदार. रोलचं प्रमेय सांगतं की, दोन्ही टोकांना किंमत सारखी असेल आणि मधे सगळीकडे डेरिव्हेटिव्ह निघत असेल, तर ते कुठेतरी शून्य होतंच. विचारलं, दोन्ही टोकांना किंमत सारखी आहे, मग रोलचं प्रमेय का लागत नाही? पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने ठणकावून सांगितलं, “लागतं की मॅडम! शून्यापाशी सगळ्यात खालचा बिंदू आहे, म्हणजे डेरिव्हेटिव्ह शून्य.” त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि शून्यापाशी, त्या खालच्या टोकाला, पट्टी टेकवून स्पर्शिका काढायला लावली. पट्टी डावीकडे टेकवावी की उजवीकडे, हेच ठरेना. मग म्हणाला, “मॅडम, पण हे पेपरला येतं का?” पेपरला तेव्हा ‘प्रमेय पडताळून पाहा’ एवढंच येई. डेरिव्हेटिव्ह काढा, शून्याशी मांडा, मार्क घ्या. त्याची काही चूक नव्हती.

म्हणून कॉलेज मागे की पुढे, हे मी वेळापत्रकावरून सांगणार नाही. मुलाला विचारा, ट्युटोरियलला गणितं स्वतः सोडवता, की फळ्यावरची उतरवून घेता? दुसरं, आठवड्याचा गृहपाठ तपासून परत मिळतो का? तो नुसती उतरवून घेत असेल आणि गृहपाठही तपासून मिळत नसेल तर आठवड्यातले दोन तास त्याने स्वतःच बाजूला काढावेत, आणि पुढचं युनिट वाचण्याऐवजी अकरावीच्या भाग दोनमधली लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन ही तीन प्रकरणं पुन्हा करावीत. वर्गमूळ एक्सचं विकलन व्याख्येवरून, सूत्र न वापरता काढता आलं पाहिजे. नवा क्लास लावू नका. तिथे पुन्हा वेगच विकत मिळेल.

आणखी एक करून पाहा. पुतणीचं क्वार्टर डिसेंबरात संपेल. तेव्हा तिने तिची एक परीक्षा याला पाठवावी, याने एम-वनची तिला. दोघांनी पुस्तक मिटून सोडवायची. निकाल जाऊबाईंना कळवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही बघा.