बदली झाली, पण मुलांच्या शाळेचं नक्की नाही. घर आधी धरावं का?

ताई, तुमचा प्रश्न असा: मिस्टरांची नाशिकहून पुण्याला बदली, मुलगी सातवीत जाणार, मुलगा तिसरीत. दोन शाळा नुसतं 'बघू' म्हणताहेत आणि घरमालक मात्र टोकनसाठी मागे लागलाय. मी बदलीच्याच नोकरीतला. तीनदा बिऱ्हाड हलवलंय आणि त्यात एकदा सपशेल तोंडावर पडलोय. म्हणून सरळ सांगतो: घर धरायला हरकत नाही, पण पाय अडकणार नाही असं धरा. आणि जुन्या शाळेतून दाखला सगळ्यात शेवटी काढा.

तोंडावर पडलो ते असं. सोलापूर सोडताना पुण्यातल्या एका शाळेच्या ऑफिसात फोन केला. "या तुम्ही, होऊन जाईल," असं उत्तर आलं. त्या 'होऊन जाईल'च्या भरवशावर शाळेच्या फाटकासमोरचाच फ्लॅट घेतला, सहा महिन्यांच्या लॉक-इनसकट, म्हणजे तेवढे महिने घर सोडायची सोय नाही. जूनमध्ये गेलो तर खिडकीतल्या बाईंनी पटाचं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. धाकट्याला जागा होती, थोरलीला नव्हती. मग दोन शाळा, दोन वेळा, दोन डबे. थोरली सकाळी साडेसहाला बसस्टॉपवर, आणि तासाभरानं आमच्या गॅलरीतून समोरच्या शाळेत दुसऱ्यांच्या मुली प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या दिसायच्या. बायको त्या वेळी गॅलरीचं दार लावून घ्यायची.

तेव्हापासून मी 'जागा आहे का?' असं विचारतच नाही. त्याला 'बघू' हेच उत्तर मिळतं. 'सातवीला तुकड्या किती, आज पट किती आणि दाखले कितीजणांनी मागितलेत?' असं विचारा. क्लार्कला हे तोंडपाठ असतं. जागा असेल तर प्रवेशाचं पत्र किंवा फीची पावती हातात घ्या, दोन्ही मुलांची वेगवेगळी.

आता कायद्याचं, कारण इथेच बरेचजण घाबरून चुकीच्या जागी पैसे भरतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वयाच्या मुलाला, म्हणजे आठवीपर्यंत, कुठल्याही कारणानं शाळा बदलावी लागली तर दुसऱ्या शाळेत जायचा हक्क आहे. पण हा हक्क सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांपुरता. विनाअनुदानित खासगी शाळा त्यातून वगळल्यात. त्यांच्याकडे जागा नसेल तर तिथे कायदा दाखवून उपयोग नाही. त्याच कायद्यातल्या २५ टक्के राखीव जागांचंही कुणी सुचवेल, पण तो प्रवेश सुरुवातीच्या वर्गाला असतो, तिसरी-सातवीला नाही. डोनेशन मात्र कुणालाच मागता येत नाही. घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड लिहिलाय. तरी मागतात, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही.

म्हणून माझं म्हणणं, एक तरी चांगली अनुदानित शाळा यादीत ठेवाच. आपल्यातले पुष्कळजण तिथे चौकशीलाही जात नाहीत. खरं तर शिक्षकांची पदं संचमान्यतेत (कुठल्या शाळेला किती शिक्षक, हे ठरवणारी सरकारी मंजुरी) ठरतात ती ३० सप्टेंबरच्या पटावर, त्यामुळे जूनमध्ये दोन मुलं घेऊन दारात आलेल्या आईबापांना बऱ्याच अनुदानित शाळा खुर्ची देतात. आमची थोरली शेवटी अशाच शाळेत गेली. पुढे समोरच्या शाळेत जागा झाली तेव्हा तीच यायला तयार नव्हती.

दाखल्याचं नीट ऐका. दाखला काढला की मुलाचं नाव जुन्या पटावरून गेलं. नवीन शाळेनं नंतर हात वर केले तर मूल मधल्यामध्ये. तेव्हा आधी बोनाफाइड आणि निकालपत्रावर बोलणी करा, नव्या शाळेकडून दाखल्याचं मागणीपत्र घ्या आणि ते जुन्या शाळेत द्या. दाखला यायला उशीर झाला म्हणून त्या आठवीपर्यंतच्या प्रवेशात अडवणूक करता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे; मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा, हेसुद्धा. नाशिकच्या शाळेला सांगून सरकारी पोर्टलवरची मुलांची ऑनलाइन नोंदही तिथून मोकळी करून घ्या, नाहीतर पुण्याची शाळा महिनाभर तुम्हालाच फोन करत बसेल.

आणि दाखला हातात आला की तिथेच, त्या खिडकीपाशी उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मस्थळ, जात, जन्मतारीख अंकात आणि अक्षरातही. आमच्या धाकट्याच्या दाखल्यावर अंकात १२ आणि अक्षरात 'एकवीस' होतं. मी घरी येऊन वाचलं. मूल शाळेत असताना जनरल रजिस्टरमधली चूक सुधारणं सोपं. एकदा शाळा सोडली की त्याच दुरुस्तीसाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयापर्यंत अर्ज जातो. माझ्या चार रजा त्यात गेल्या.

घराचं म्हणाल तर ११ महिन्यांचा करार सगळेच करतात, प्रश्न लॉक-इनचा असतो. तो दोन महिन्यांवर आणायला सांगा, भाडं थोडं वाढलं तरी चालेल. करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात तो मुदत कितीही असली तरी नोंदवावाच लागतो आणि शाळेत पत्त्याचा पुरावा म्हणूनही तोच पुढे करता येतो. घर शाळेच्या दारात नको, दोन-तीन शाळांच्या मध्ये कुठेतरी बघा.

मुलगी नववी-दहावीत असती तर मी वेगळंच सांगितलं असतं. सीबीएसईत दहावीला थेट प्रवेश सहसा मिळत नाही, पालकांच्या बदलीसारखं कारण कागदोपत्री दाखवावं लागतं. तुम्हाला ती अडचण नाही. फक्त एक बघा: सीबीएसईच्या बहुतेक शाळा एप्रिलमध्येच सुरू होतात, राज्य मंडळाच्या जूनच्या मध्याला. तुमच्या त्या दोनपैकी एखादी सीबीएसईची असेल, तर तिथे मेमध्ये वर्ग चालू होऊन गेलेला असतो आणि 'बघू'चा अर्थ बहुधा 'कुणी सोडलं तर' असा असतो.

आणि अगदीच काही जमलं नाही, तर मिस्टरांना एकट्यांना पुढे जाऊ द्या. आमच्या दुसऱ्या बदलीत मी पाच महिने कॉट बेसिसवर, म्हणजे दुसऱ्यांसोबतच्या खोलीत एक खाट भाड्यानं घेऊन राहिलो, मुलांनी पहिलं सत्र जुन्याच शाळेत काढलं आणि दिवाळीच्या सुट्टीत सामान हललं. ते पाच महिने मला जड गेले, मुलांना नाही. पण हे करायचं असेल तर नाशिकच्या घरमालकाला नोटीस अजून देऊ नका. दिली असेल तर आजच फोन करा.