उत्कर्षण, क्षपणक आणि तांब्याच्या बाटलीतलं लिंबू

प्रश्न खानापूर तालुक्यातल्या एका ताईंचा. त्यांची मुलगी कन्नड माध्यमात दहावीला आहे. तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'उत्कर्षण' (म्हणजे ऑक्सिडेशन) नावाची क्रिया आली, आणि त्याच आठवड्यात कन्नड पेपरच्या आरोग्याच्या पानावर 'उत्कर्षण निरोधक', म्हणजे अँटिऑक्सिडंट, आहाराचा लेख आला. ताई विचारतात, "उत्कर्षाला आडवं येणारं खावा म्हणून सांगालेत काय हे? मराठीत अँटिऑक्सिडंटला शब्द कुठला? आणि 'शरीरातली अँटिऑक्सिडंटची पातळी वाढवा' म्हणायचं की 'राखा'?"

आधी काय नको ते सांगतो. 'अँटिऑक्सिजन' नको. परवा आमच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात माझ्या पुढच्या गिऱ्हाइकानं "ते अँटिऑक्सिजन आहे काय गा?" म्हणून विचारलं, आणि दुकानदारानं डोळ्याची पापणी न हलवता एक डबी काढून दिली. पेपरवाले त्याच्यावर कडी करून 'ऑक्सिजनविरोधी द्रव्ये' लिहितात. अहो, नुसता बसून राहिलेला माणूससुद्धा मिनिटाला 250 मिलीलिटरच्या आसपास ऑक्सिजन संपवतो. त्याच्या विरोधात जाऊन कुणाची तब्येत सुधारली? 2021 च्या उन्हाळ्यात सिलिंडरसाठी रात्री जागवलेल्या लोकांनी तरी हा शब्द तोंडातून काढू नये.

'गंजरोधक'ही नको. शरीर म्हणजे अंगणातलं फाटक नव्हे.

राहिला पाठ्यपुस्तकी 'प्रतिऑक्सिडीकारक'. यातला 'कारक' ठीक, 'ऑक्सिडी' चालवून घेऊ, पण त्या 'प्रति'नं घोटाळा केलाय. मराठी माणसाच्या कानाला 'प्रति' नेहमीच विरोधाचा लागत नाही. प्रतिसरकार म्हणजे समांतर सरकार, प्रतिपंढरपूर म्हणजे दुसरं पंढरपूर. त्या हिशेबानं प्रतिऑक्सिडीकारक म्हणजे गावातला दुसरा ऑक्सिडीकारक! प्रतिकार, प्रतिबंध हे शब्द पुढे करून मला गप्प करू पाहणारे आहेत, त्यांची पत्रं मी वाचलीत. त्या शब्दांत 'प्रति' मुरलेला आहे, इथे तो वरून चिकटवलाय.

आता ताईंचा 'उत्कर्षण'. त्याला हसू नका, मीही आधी हसलो होतो. 'उत्कर्ष' म्हणजे भरभराट हा अर्थ नंतरचा. धातू आहे कृष्, म्हणजे ओढणे. नांगर ओढायचा म्हणून कृषी, जवळ ओढलं की आकर्षण, आणि वर किंवा बाहेर ओढून काढलं की उत्कर्षण. ऑक्सिडेशनमध्ये घडतं ते हेच. एका अणूकडचा इलेक्ट्रॉन ओढून नेला जातो. ऑक्सिजन हा त्यातला नावाजलेला ओढणारा, एकमेव नव्हे. म्हणजे कन्नडनं ऑक्सिजनचं नावही न घेता क्रिया नेमकी पकडली, आणि आम्ही शुद्ध मराठीच्या नावानं गळे काढणारे 'ऑक्सिडीभवन'मध्ये अर्धं विलायती घालून बसलो. गंमत म्हणजे ऑक्सिजनला मात्र कन्नडमध्ये 'आम्लजनक' म्हणतात, म्हणजे आम्ल जन्माला घालणारा. ही फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची जुनी चूक. सगळ्या आम्लांत हा वायू असतोच असं त्याला वाटलं, म्हणून त्यानं ग्रीकमधून तसं नाव घडवलं. मिठाच्या आम्लात (हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये) ऑक्सिजन नसतो हे 1810 मध्ये इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डेव्हीनं दाखवलं, तोवर नाव रुळलं होतं. आपला 'प्राणवायू' त्या मानानं सुटला.

तर 'उत्कर्षण निरोधक' म्हणजे ही ओढाओढ रोखणारा. शब्द चोख आहे. फक्त मराठी कानाला तो भरभराटीवर बंदी घातल्यासारखा लागतो, म्हणून मराठीत आणायचा नाही.

आणि आणायची गरजही नाही, कारण आपल्याकडे त्याच्यापेक्षा सुंदर शब्द पडून आहे. इथून पुढे मी जरा लांबणार आहे.

ऑक्सिडेशनची उलटी बाजू म्हणजे रिडक्शन, तिला मराठी पुस्तकांत 'क्षपण' म्हणतात. आणि जो पदार्थ स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन दुसऱ्याचं क्षपण घडवतो तो 'क्षपणक'. अँटिऑक्सिडंट करतात ते नेमकं हे. ई जीवनसत्त्व पेशीच्या पडद्यात बसलेलं असतं. एखादा फ्री रॅडिकल, म्हणजे इलेक्ट्रॉनला हपापलेला रेणू, तिथल्या स्निग्धांशावर तुटून पडला की हे मध्ये पडतं आणि स्वतःजवळचं देऊन टाकतं. देऊन झालं की स्वतः निकामी होतं. मग सी जीवनसत्त्व त्याला आपलं देतं आणि परत उभं करतं, आणि सी ला परत उभं करायला ग्लुटाथायोन नावाचं शरीरातलंच एक द्रव्य येतं. देणाऱ्यांची ही रांग आहे.

आता 'क्षपणक' हा शब्द रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीचा. संस्कृतात क्षपणक म्हणजे जैन साधू. कर्मांचं क्षपण करणारा, क्षय आणि क्षीण यांच्याच घराण्यातला शब्द. मुद्राराक्षसात एक क्षपणक आहे, जीवसिद्धी नावाचा, तो आतून चाणक्याचा माणूस. पण आपण नाटकात कशाला जायचं? आमचा बेळगाव जिल्हाच या मंडळींचा. चिकोडी तालुक्यातलं सदलगा हे जैन मुनी आचार्य विद्यासागरांचं जन्मगाव. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती हे जैन मंदिर आहे, 1204 मधली, रट्ट राजांच्या काळातली. (बस्ती म्हणजे कन्नड बसदी, बसदी म्हणजे संस्कृत वसति, आणि आपली वस्तीही तीच. बाहेरगावचे पाहुणे 'किल्ल्यात झोपडपट्टी आहे का' विचारतात तेव्हा मी हे सगळं सांगतो, त्यांना नको असलं तरी.) त्या बस्तीच्या दगडी छताखाली उभं राहून मला हे सुचलं. अंगावरचं वस्त्रसुद्धा देऊन टाकलेला साधू आणि आपला इलेक्ट्रॉन देऊन टाकणारा रेणू, दोघांना एकच नाव! ज्यानं कुणी रिडक्शनला 'क्षपण' लावलं त्याच्या डोळ्यांपुढे हा साधू उभा होता, असं माझं ठाम मत आहे.

यावर एका भाषांतरकार गृहस्थांनी मला कळवलं की '-क' हा साधा कर्त्याचा प्रत्यय, त्यात साधू शोधू नये, आणि 'क्षपण' हा मेलेला शब्द टाकून रिडक्शनला सरळ 'घट' म्हणावं. प्रत्यय मलाही माहीत आहे, शाळेत आम्हीही गेलो होतो. पण रिडक्शनमध्ये घटतं काय? इलेक्ट्रॉन तर वाढतात! मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मागे नेणे. खनिज भट्टीत घालून त्याला परत धातूपणाकडे नेणे, म्हणून तो शब्द. 'घट' लिहिणाऱ्यांनी शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला आणि पुस्तक मिटलं. मेलेला म्हणाल, तर या भागातल्या कुठल्याही जैन घरात विचारा, कर्माच्या संदर्भात क्षपण, क्षपक हे शब्द जिवंत आहेत.

तेव्हा रोजच्या बोलण्यात 'अँटिऑक्सिडंट'च म्हणा, तो आता चहा-बिस्किटाइतका आपला झालाय. लिहिताना मराठीच हवा असेल तर 'क्षपणक द्रव्य' लिहा. क्षपणक प्रयोगशाळेतलेही असतात आणि ते खायचे नसतात, म्हणून पुढे 'आहारातली' जोडा.

आता त्या तांब्याच्या बाटलीकडे येतो. टिळकवाडीत आमच्या सकाळच्या फिरायच्या कंपूत एक काका आहेत. तांब्याच्या बाटलीत रात्री लिंबू पिळून ठेवायचं आणि सकाळी 'अँटिऑक्सिडंट पाणी' म्हणून प्यायचं, असा त्यांचा नेम. मला आग्रह करून एक घोट दिला. जिभेच्या कडेला झिणझिण्या आल्या, दातांवर नाणं चोखल्यासारखी चव बसली. बाटलीचं झाकण उलटं केलं तर आट्यांमध्ये हिरवट-निळी कड. काकांनी ती अंगठ्यानं पुसली आणि म्हणाले, "तांब्याचा गुण आहे तो."

गुण कसला, कळकलंय ते! कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की आजी एका शब्दात निकाल लावायची, "कळकलं, ओतून टाक." आंबट पदार्थ आणि तांबं-पितळ यांची गाठ पडली की धातू उतरतो, हे सगळं रसायन त्या क्रियापदात आहे. तांबं शरीराला लागतं, पण चिमटीच्याही चिमटीइतकं, आणि ते डाळी-शेंगदाण्यांतून मिळतं. संस्कृतात 'कलंक'चा एक अर्थ लोखंडाचा गंज असाही कोशांत दिलाय, म्हणून 'कळकणे' तिथून आला असं मानणारे आहेत. मला मात्र तांब्या-पितळेवरच्या त्या हिरवटपणाला कन्नडमध्ये असलेला 'किलुबु' जास्त जवळचा वाटतो. मराठीखाली कन्नडचा पाया आहे हे सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरच्या संशोधक शं. बा. जोशींनी मराठीतच पुस्तक लिहून सांगितलं, तरी आपल्याला प्रत्येक शब्द काशीहूनच आलेला हवा असतो. (कळक म्हणजे बांबू, तो वेगळा. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, म्हणजे बांबूंचंच गाव, पण त्या वाटेला लागलो तर आज घरी पोचणार नाही.)

तेलाच्या ऑक्सिडेशनलाही आपल्याकडे घरचा शब्द आहे, खवट. मुलीच्या पुस्तकात 'कमटुविके' असेल, तेच. वडे तळलेलं तेल चौथ्यांदा तापवणाऱ्यानं अँटिऑक्सिडंटची डबी विकत घेणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणं.

हां, वाढवा की राखा. 'राखा'. हा शब्दाचा नाही, समजुतीचा प्रश्न आहे. शरीर आपली राखणदारी बरीचशी स्वतः करतं. ग्लुटाथायोन आपण स्वतः बनवतो, सगळ्यात जास्त यकृतात. त्यासाठी प्रथिनं लागतात, म्हणून नुसती फळं खाऊन भागत नाही, डाळ, उसळ, अंडं पाहिजे. या कामातल्या एन्झाइमांना जस्त, तांबं, मँगनीज, सेलेनियम थोडं थोडं लागतं. बाहेरून घालायचं ते ताटातून. खानापूरच्या माणसाला मी काय सांगावं? दारात जांभूळ, कोकम, आवळा, पेरू. पेरूत संत्र्यापेक्षा सी जीवनसत्त्व कितीतरी जास्त, आणि तो कापून तासन्‌तास ठेवू नये, भाजीही उकळून पाणी ओतून देऊ नये. शेंगदाण्याच्या चटणीत ई आहेच. नाचणी आहे, पालेभाजी आहे. आणि झोप.

'वाढवा' म्हटलं की माणूस गोळीकडे जातो, आणि इथे क्रियापद अंगाशी येतं. फिनलंडमध्ये 29,133 सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती. त्यातल्या काहींना रोज 20 मिलीग्रॅम बीटा-कॅरोटीन दिलं. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला. गाजरात जे बरं तेच डबीत नडलं. व्यायामाचंही तसंच. व्यायामानं थोडे फ्री रॅडिकल वाढतात, त्यांनाच बघून शरीर आपली फौज वाढवतं. सी आणि ई च्या मोठ्या गोळ्या सोबत घेतल्या की तो फायदा कमी होतो, असं 2009 च्या एका जर्मन अभ्यासात दिसलं. तंबाखू मात्र सरळ साठ्यावरच हात घालते. ओढणाऱ्याला रोज 35 मिलीग्रॅम सी जास्त लागतं, असं अमेरिकन शिफारस सांगते. निपाणीकडच्या वाचकांनी रागावू नये, मी पिकवणाऱ्यांबद्दल बोलत नाही, ओढणाऱ्यांबद्दल बोलतोय.

ताई, मुलीला परीक्षेत 'उत्कर्षण'च लिहू दे, क्षपणकाची गोष्ट घरी सांगा. आणि तुमच्याकडे तांब्याची बाटली असेल तर तिच्यात साधं पाणी ठेवा. काकांनी आता लिंबासाठी काचेची बाटली घेतलीय. काल मला दाखवून म्हणाले, "बघा, अँटिऑक्सिजन!"