एचआयव्हीच्या टीएलडी गोळीने झोप जाते, किडनी खराब होते असं ऐकलं, खरं का? आणि गोळीचा उपयोग किती?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. धाकट्या भावाला एचआयव्ही निघालाय, टीएलडी चालू होऊन २० दिवस झाले, झोप उडालीये, डोकं दुखतं, अंगावर बारीक पुरळ आहे, क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला रक्ताचा आकडा) ०.९ चं १.१ झालं, शुगर आधीपासूनच आहे, आणि गावातले एक वैद्य म्हणतायत की या गोळ्यांनीच किडनी जाते, त्या सोडा आणि माझी पुडी चालू करा. मी डॉक्टर नाही, दुधाचा टेम्पो चालवतो. पण २००८ पासून या गोळ्या खातोय, आत्तापर्यंत चौथ्या प्रकारच्या गोळीवर आलोय, त्यामुळे स्वतःच्या अंगावर जे झालं आणि एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी सेंटरच्या बाकड्यावर बसून जे कळलं ते सांगतो.

आधी गोळी सोडायचा विषय. ती सोडू नका, डॉक्टरांना न विचारता एक दिवससुद्धा नको. हा व्हायरस शरीरात काही पेशींमध्ये लपून बसतो, तिथे झोपलेल्या व्हायरसवर गोळी चालत नाही, बाहेर पडलेल्यांना ती आवरून धरते. गोळी सुटली की काही आठवड्यांत परत रक्तभर. आणि तुमच्या भावाला सोबत बी प्रकारची कावीळ असेल (ती तपासली का ते विचारा) तर टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही त्या काविळीलाही दाबून ठेवत असतात, एकदम बंद केली तर लिव्हर भडकतं.

आता झोप. टीएलडी म्हणजे टेनोफोविर ३००, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५० मिलिग्रॅम, तिन्ही एकाच गोळीत. झोप उडवते ती बहुतेक डोल्युटेग्रॅविर. याच्या आधीची गोळी रात्रीच घ्यायची असायची त्यामुळे अजून बरेच जण सवयीने हीपण रात्री घेतात. भाऊ रात्री घेत असेल तर सेंटरवर सांगून सकाळी घ्यायला लावा, बऱ्याच जणांना तेवढ्यानेच फरक पडतो. डोकं दुखणं, मळमळ हे साधारण पहिल्या महिन्यात कमी होतं. पण मन फार उदास वाटतंय, जीव नकोसा झालाय असं काही तो बोलला तर ते 'धक्का बसलाय, होईल ठीक' म्हणून सोडू नका, क्वचित या औषधानेही तसं होतं, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

पुरळाचं मात्र मला वेगळंच वाटतं. नवीन पेशंटला एकटी टीएलडी देत नाहीत हो. सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) कमी असेल तर इतर इन्फेक्शन होऊ नये म्हणून सेप्ट्रान चालू करतात, टीबी होऊ नये म्हणून आयसोनियाझिड आणि बी-६ देतात, आणि घरचे सगळा राग काढतात त्या डबीतल्या मोठ्या गोळीवर. सेप्ट्रान सल्फा आहे, पुरळ येण्यात तिचा नंबर वरचा. हातापायाला मुंग्या, मळमळ असेल तर आयसोनियाझिडपण असू शकते. म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून तशीच सेंटरवर न्या. पुरळाबरोबर ताप, तोंडात फोड, डोळे लाल किंवा कातडी सुटायला लागली तर मात्र पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल. खोकला ताप नव्याने सुरू झाला तरी लवकर जा, कारण प्रतिकारशक्ती सुधारायला लागली की आत दबलेला टीबी कधीकधी याच दिवसांत डोकं वर काढतो.

किडनी. डोल्युटेग्रॅविर क्रिएटिनिन लघवीतून बाहेर टाकण्याचा एक रस्ता थोडा अडवतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात रिपोर्टमधला आकडा ०.१-०.२ ने वर दिसतो आणि मग तिथेच थांबतो. किडनीला काही झालेलं नसतं, नुसता आकडा सरकतो. तुमचं ०.९ चं १.१ यातच बसतं. वैद्यांनी हा कागद दाखवून घाबरवलं असेल तर त्यांना हे माहीत नसावं. खरी काळजी टेनोफोविरची असते, ते काही जणांच्या किडनीला हळूहळू त्रास देतं आणि हाडांतून कॅल्शियमही थोडं काढतं, शुगर, बीपी, वय जास्त, वजन कमी असलेल्यांना जास्त. भावाला शुगर आहे म्हणजे त्याने क्रिएटिनिनची तारीख चुकवायची नाही. आणि गुडघा दुखला कंबर दुखली की मेडिकलमधून डायक्लो आणून रोज दोन खायची जी आपल्याकडे सवय आहे ती टेनोफोविरवर असलेल्याने बंद करायची. वैद्यांच्या पुडीतही भस्म आहे का ते विचारा. नीट न केलेल्या भस्मात पारा शिसं निघालेलं आहे, आणि त्याने खरोखर किडनी जाते.

थोडं जुनं सांगतो, म्हणजे आजची गोळी कुठे आहे ते कळेल. सरकारी फुकट औषध सुरू झालं १ एप्रिल २००४ ला. मला लागण कळली तेव्हा सीडी४ दोनशे-अडीचशेच्या खाली गेल्याशिवाय गोळी मिळायची नाही, आज रिपोर्ट आला की चालू करतात, २०१७ पासून तसा नियमच आहे. माझी पहिली एसएलएन. तिच्यातल्या स्टॅव्हुडिनने चार वर्षांत माझे गाल असे बसले की गावात लोक विचारायचे दारू वाढली का, आणि तळपायाला कायम मिरची लागल्यासारखी आग, ती थोडी अजून आहे. मग झेडएलएन, त्यातल्या झिडोव्हुडिनने नखं काळी पडली आणि हिमोग्लोबिन ७ वर, टेम्पोत चढताना धाप. मग टीएलई, तिच्यात एफाविरेन्झ, रात्री गोळी घेऊन आडवं झालं की घराचे पत्रे फिरायचे आणि स्वप्नं अशी की सकाळी बायकोला विचारायचो हे खरंच झालं का. २०२१ ला टीएलडी वर आलो. हिचा मला झालेला त्रास म्हणजे वजन ६ किलो वाढलं. ते बऱ्याच जणांचं वाढतं, शुगरवाल्याने त्याकडे लक्ष ठेवावं, पण खरं सांगू, बसलेल्या गालांनी चार वर्षं काढलेल्या माणसाला पोट सुटल्याचं एवढं काही वाटत नाही.

पण या चांगल्या गोळीवर असतानाच मी आपटलो होतो आणि ते तुम्हाला सांगायलाच पाहिजे. २०२२ ला माझा व्हायरल लोड (रक्तातल्या व्हायरसची मोजणी) २,३०० आला, आधी सलग काही सापडत नव्हतं. काउन्सेलर मॅडमनी डबी उघडून गोळ्या मोजल्या, हिशोब बरोबर. तरी पुन्हा विचारलं, चुकवल्या का? मला रागच आला, चौदा वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या चुकल्या असतील. मग त्या म्हणाल्या, "बरं दादा, सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात जातं ते एकेक करून सांगा." मी सांगत गेलो, चारला उठतो, चहा, गोळी, आणि पित्त फार म्हणून ते गुलाबी पातळ औषध दोन झाकणं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "हे कधीपासून?" सहा-सात महिने झाले होते. त्या पातळ औषधात अॅल्युमिनियम मॅग्नेशियम असतं, ते पोटात डोल्युटेग्रॅविरला धरून बसतं, मग गोळी गिळली काय आणि नाही काय, रक्तात फार थोडी पोचते. मी रोज गोळी खात होतो आणि वरून स्वतःच ती वाया घालवत होतो. एवढी वर्षं सगळे विचारायचे गोळी घेतली का, पित्ताचं काय घेता हे कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही ते सांगण्यासारखं औषध वाटलं नव्हतं.

नियम सोपा आहे. पित्ताचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी घ्यायचीच असेल तर टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा त्यानंतर ६ तासांनी. कॅल्शियम, लोह, ताकदीच्या मल्टिव्हिटॅमिन गोळ्यांनाही हेच, फक्त कॅल्शियम-लोह भरल्या पोटी जेवणाबरोबर असेल तर टीएलडी सोबत चालते, उपाशीपोटी नाही. पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल वगैरे पित्ताच्या गोळ्यांचा डोल्युटेग्रॅविरशी झगडा नाही, मी आता डॉक्टरांना विचारून तीच घेतो. मी वेळ बदलली, तीन महिन्यांनी परत तपासलं, रिपोर्टवर टार्गेट नॉट डिटेक्टेड, म्हणजे व्हायरस सापडलाच नाही.

भावाच्या बाबतीत याहून मोठी गोष्ट शुगरची गोळी. डोल्युटेग्रॅविरमुळे मेटफॉर्मिन रक्तात बरंच वाढतं म्हणून दिवसाला एकूण १,००० मिलिग्रॅमच्या वर सहसा जाऊ देत नाहीत. तो सकाळ संध्याकाळ हजार-हजारची घेत असेल आणि मळमळ होत असेल तर ती टीएलडीची नसून मेटफॉर्मिनची असू शकते. पण स्वतः अर्धी करू नका, शुगरच्या डॉक्टरला टीएलडी चालू आहे हे सांगावंच लागेल. मला माहितीये की अवघड तेच आहे. आपल्याकडे मेडिकलवाला मामाचा मित्र असतो आणि डॉक्टरचा कंपाउंडर शेजारच्या गल्लीतला. मी स्वतः कितीतरी वर्षं डबी खडखडू नये म्हणून आत कापूस कोंबून एसटीत बसायचो. पण २०१७ च्या कायद्याने परवानगीशिवाय कोणी हे बाहेर सांगू शकत नाही, आणि समोरासमोर बोलायची हिंमत नसेल तर सेंटरच्या डॉक्टरकडून चिठ्ठी घ्या, शुगरच्या डॉक्टरला बंद पाकिटात द्या. फिटची औषधं, म्हणजे फेनिटॉइन कार्बामाझेपिन, यांचाही या गोळीशी झगडा आहे. आणि कधी टीबीचं रिफाम्पिसिन चालू झालं तर डोल्युटेग्रॅविर ५० ची आणखी एक गोळी १२ तासांनी लागते, ती टीबीचा कोर्स संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवतात.

उपयोग किती विचारलंत. टीएलडीतली पहिली दोन औषधं व्हायरसला स्वतःची कॉपी काढू देत नाहीत, डोल्युटेग्रॅविर ती कॉपी पेशीच्या जीन्समध्ये घुसू देत नाही. नेव्हिरापिन (एसएलएन, झेडएलएनमधलं) आणि एफाविरेन्झच्या काळात व्हायरसने एक बदल केला की औषध निकामी व्हायचं, डोल्युटेग्रॅविरला चकवणं त्याला फार जड जातं. नीट घेतली तर बहुतेकांचा लोड तीन महिन्यांच्या आतच मोजण्याच्या खाली जातो, सरकारी सेंटरवर पहिली तपासणी सहा महिन्यांनी होते. आणि तो खाली गेला आणि तिथेच राहिला की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे नुसतं धीर द्यायला म्हणत नाही, २०११ मध्ये निकाल आला त्या मोठ्या अभ्यासात पुण्यातली आणि चेन्नईतली जोडपीही होती, लवकर औषध दिल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी झाली, आणि नंतर युरोपातल्या अभ्यासात लोड दाबलेल्या जोडीदाराकडून एकही लागण सापडली नाही. माझी बायको निगेटिव्ह आहे. मुलगी आता सातवीत. भावाच्या लग्नाची चिंता तुम्ही लिहिली नाहीत पण आईच्या मनात असणार म्हणून सांगितलं, अर्थात होणाऱ्या बायकोला आधी सांगणं वेगळं, ते सोडायचं नाही.

गोळी विसरली तर आठवल्या आठवल्या घ्यायची, पुढची वेळ अगदी तोंडावर आली असेल तर ती सोडून द्यायची, दोन एकदम कधीच नाही.

नाव न सांगता विचारायचं असेल तर १०९७ वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि एक करा, मेटफॉर्मिनच्या पाकिटावर किती मिलिग्रॅम लिहिलंय, सेप्ट्रान चालू आहे का आणि पित्तासाठी तो काय घेतो, हे तिन्ही बघून इथेच खाली लिहा.