रिपोर्ट नॉर्मल आहे, मग तो असा का वागतो?

"मॅडम, मुलगा जरा बायकी वागतो. काही करता येईल का?" हे वाक्य ऐकलं नाही असा एक महिना जात नाही. मुलीचे आईवडील असतील तर शब्द बदलतात, "अगदी पोरांसारखी राहते हो, पुढं कसं व्हायचं हिचं?" मग घरातली कॉलेजात जाणारी भाची समजावते की सेक्स वेगळं आणि जेंडर वेगळं. काका फॅमिली ग्रुपवर लिहितात की हे सगळं थोतांड आहे, निसर्गात दोनच. आईवडील दोन्ही वाचतात आणि आधीपेक्षा जास्त घाबरून माझ्याकडे समुपदेशनाला येतात. अशाच एका घराची ही हकीकत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि दोन-तीन घरांतले प्रसंग एकत्र केले आहेत. चार महिन्यांत आठ भेटी झाल्या, त्यातलं मोजकंच इथं सांगते.

मुलगा चौदा वर्षांचा, नववीतला. वडील कारखान्यात सुपरवायझर, आई घरी शिकवण्या घेते. राहणं पिंपरी-चिंचवडला, आईचं माहेर कोल्हापूर. वडिलांनी तक्रारी जवळजवळ पाठ करून आणल्या होत्या. कथक शिकायचंय म्हणतो, मैत्रिणीच जास्त, बोलताना हातवारे करतो, कान टोचायचा हट्ट धरतो. आणि सगळ्यांत शेवटी, आवाज खाली आणून, "एकदा आरशासमोर उभा राहून ‘मी येते हं’ म्हणत होता. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं."

बसायच्या आधीच त्यांनी प्लॅस्टिकचं फोल्डर टेबलावर ठेवलं. आत कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीचा रिपोर्ट होता: ४६, एक्सवाय, मुलांमध्ये नेहमी असतात तशीच गुणसूत्रं. मागे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचा, तोही वयाला धरून. "सगळं नॉर्मल आहे. मग हा असा का वागतो?"

तो रिपोर्ट चुकीचा नव्हता. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. कथक आवडणं, हातवारे करणं हे गुणसूत्रांत दिसत नाही, त्यामुळे ही तपासणी वागण्यावरून करायची नसतेच. जन्मतः जननेंद्रियं स्पष्ट नसतील, वृषण खाली उतरलेले नसतील, चौदा वर्षं पूर्ण होऊनही मुलात वयात येण्याची काहीच खूण नसेल, मुलीत तेराव्या वर्षापर्यंत स्तनांची वाढ सुरू झाली नसेल किंवा पंधरा वर्षं उलटूनही पाळी आली नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञ किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हार्मोनचा डॉक्टर गाठावा. कोणती तपासणी करायची ते डॉक्टर ठरवतील. ओळखीच्या कुणीतरी या वडिलांना "पुरुषी हार्मोनची चार इंजेक्शनं द्या, ताठ होईल" असंही सुचवलं होतं. हे ऐकून मी वही बाजूला ठेवली आणि सावकाश सांगितलं: वाढत्या मुलाला गरज नसताना टेस्टोस्टेरॉन दिलं तर हाडांची वाढीची टोकं लवकर मिटतात, उंची खुंटू शकते. बाहेरून हार्मोन मिळाल्यावर शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं, वृषण आक्रसतात. चाल आणि हातवारे मात्र जसेच्या तसे राहतात.

पहिल्या भेटीत मुलाला एकट्याला वीस मिनिटं दिली. इथलं काय इथंच राहील आणि काय मला आईबाबांना सांगावंच लागेल (जिवाला धोका असेल तर), हे आधी सांगितलं. त्याने विचारलं, "तुम्ही मला बरं करणार आहात का?"

"तुला काय होतंय?"

"मला काही नाही होत. बाबांना होतं."

मी शाळेबद्दल विचारलं, पण चिडवतात का असं थेट नाही विचारलं. त्यावर मुलं "नाही" म्हणून मोकळी होतात. मी पाण्याच्या बाटलीबद्दल विचारलं. त्याची बाटली रोज भरलेलीच घरी येत होती. मुलांच्या स्वच्छतागृहात तिघं-चौघं दार ढकलतात, म्हणून तो सकाळी सातपासून दीडपर्यंत पाणीच पीत नव्हता. आई ती बाटली रोज सिंकमध्ये ओतत होती, विसरतो म्हणून रागवत होती. असं मूल घरात असेल तर बाटली तपासा, डबा तपासा, खेळाच्या तासाच्या दिवशीच पोट दुखतं का ते बघा.

म्हणून आधी शाळा घेतली, बाकीचं नंतर. शाळेला अर्ध्या पानाचं पत्र दिलं. त्यात मुलाच्या मनाबद्दल एक अक्षर नव्हतं, फक्त दोन मागण्या: तास चालू असताना शिक्षकांचं स्वच्छतागृह वापरायची परवानगी आणि त्याला चिडवायला वापरलं जाणारं ठरावीक टोपणनाव कुणी घेतलं की वर्गशिक्षकांनी त्या क्षणी थांबवणं. अशा पत्रात निदान, शंका, कारणं लिहू नयेत. पालक कळकळीने सगळं लिहितात आणि तो कागद स्टाफरूममध्ये फिरतो.

तिसऱ्या भेटीला आईवडील दोघंच होते. वडिलांना कोरा कागद दिला आणि सांगितलं, पुरुष म्हणजे काय काय, ते लिहा. पंधरा मिनिटांत सतरा गोष्टी झाल्या. मग दुसऱ्या कागदावर तीन खाने आखले: शरीर, रीत, ओळख.

हे तीन खाने मला फार महत्त्वाचे वाटतात. सेक्स आणि जेंडर वेगळं की एकच, या वादात दोनच खाने धरले जातात आणि तिथंच घोटाळा होतो. आपल्या भाषेत तर बोलायलाही एकच शब्द, लिंग. शरीराचं लिंग तेच, व्याकरणातलंही तेच. जेंडरसाठीचा ‘लिंगभाव’ हा शब्द विद्यापीठांत रुळला, घरात अजून आला नाही. आणि त्या लिंगभावाच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक रीत, म्हणजे बाईने कसं राहावं, पुरुषाने कसं राहावं याचे समाजाने घातलेले पायंडे. दुसरी ओळख, म्हणजे आतून स्वतःबद्दल असलेली जाण. रीत बदलते. ज्यांच्या लुगड्याची आणि दागिन्यांची ढब महाराष्ट्रातल्या बायकांनी उचलली ते बालगंधर्व म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, एक पुरुष. कान टोचण्यावरून चिडलेल्या या वडिलांच्या घरातल्या जुन्या फोटोत पणजोबांच्या कानात भिकबाळी आहे. ओळख मात्र अशी फॅशनबरोबर बदलत नाही, आणि दुसऱ्याने बदलू म्हटल्यानेही बदलत नाही.

याचा दाखला फार दुःखद आहे. कॅनडात १९६५ साली जन्मलेल्या डेव्हिड रायमर या मुलाचं शिश्न सुंता करताना झालेल्या अपघातात निकामी झालं. ‘जेंडर रोल’ हा शब्दप्रयोग १९५५ मध्ये रूढ करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन मनी यांच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवण्यात आलं. फ्रॉक, नाव, हार्मोन, सगळं दिलं. खरी हकीकत कळल्यावर किशोरवयातच त्याने मुलगा म्हणून जगायचं ठरवलं. २००४ मध्ये त्याने आत्महत्या केली. म्हणून ‘लिंगभाव म्हणजे नुसते संस्कार’ हे मला पटत नाही. ‘शरीर बघितलं की विषय संपला’ हेही पटत नाही, कारण शरीरही एका खुणेवर चालत नाही: गुणसूत्रं, ग्रंथी, हार्मोन, अवयव. गर्भात साधारण सहा आठवडे ग्रंथी दोन्हीकडे जाऊ शकतील अशाच असतात. एक्सवाय गुणसूत्रं असूनही पेशी पुरुषी हार्मोनला प्रतिसाद देत नाहीत अशा मुली असतात, बऱ्याचदा पाळी येत नाही म्हणून तपासल्यावर ते कळतं. १९९० नंतर काही अभ्यासक आणखी पुढे गेले. त्यांचं म्हणणं, शरीराची दोन खान्यांत वाटणी करणारी नजरसुद्धा समाजानेच घडवलेली आहे. विचार म्हणून ते मोलाचं आहे, पण माझ्यासमोर बसलेल्या आईला उद्या सकाळी काय करायचं ते त्यातून कळत नाही. कायदाही सगळीकडे एक बोलत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात माणसाला स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी तिथल्या समानता कायद्यापुरता ‘स्त्री’चा अर्थ जैविक लिंगाने ठरतो असं म्हटलं. मी शरीर, रीत आणि ओळख वेगळी धरते, आणि एकाच माणसात ती एकत्र नांदतात हेही धरते.

तर वडिलांच्या सतरा गोष्टी. दाढीमिशी, फुटलेला आवाज आणि बाप होता येणं, या तीन शरीराच्या खान्यात गेल्या. उरलेल्या चौदा रीतीत: रडू नये, गाडी चालवता यावी, भाजी चिरत बसू नये. ते एकेक टाकत गेले, पण मग मुलाबद्दलच्या तक्रारी त्याच खान्यांत घालताना "मी येते" पाशी अडले. "हे रीतीत कसं घालू? बोलण्यातून आतलंच येतं ना."

एवढा वेळ गप्प असलेली आई बोलली. "मी रोज त्याच्याजवळ बसतो, मॅडम. मी त्याला कधी ओरडत न्हाई. त्या दिवशी मात्र मी लई रडलो."

मी वडिलांना विचारलं, "ताई आत्ता काय म्हणाल्या?"

"रडले म्हणाली."

"नीट आठवा."

आईच म्हणाली, "रडलो म्हटलं की मी."

ते बायकोकडे बघत राहिले. सोळा वर्षांचा संसार, आणि हे कधी कानाला लागलंच नव्हतं. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात हे त्यांना माहीत होतं, पण त्याचा अर्थ लावायची वेळ कधी आली नव्हती.

"त्यांच्या बाईपणाबद्दल तुम्हाला कधी शंका आली?"

"छे. तिकडं तसंच बोलतात." मग बराच वेळ थांबून, "म्हणजे... तिकडची रीत."

त्यांनी स्वतःच पेन उचललं आणि ‘मी येते’ रीतीच्या खान्यात लिहिलं. मी तिथं त्यांना थोडं थांबवलं. आरशासमोरच्या एका क्रियापदावरून मुलगा मुलगी आहे असं ठरत नाही, तसंच नाही असंही ठरत नाही, म्हणून पुढे प्रश्नचिन्ह काढा म्हटलं. तिसरा खाना अजून रिकामा होता. "इथं काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"दाढी, आवाज, नोकरी, गाडी सगळं बाजूला ठेवा. तुम्ही पुरुष आहात हे तुम्हाला कसं कळतं?"

ते उत्तर शोधत राहिले. शेवटी म्हणाले, "कळायचं काय त्यात? आहेच की."

"हेच लिहा."

‘आहेच की’ असं त्यांनी लिहिलं. ओळखीची याहून चांगली व्याख्या मला जाड पुस्तकांत सापडलेली नाही. सगळे पुरावे काढून घेतले तरी जे उरतं, ते. आणि मुलाचं ‘आहेच की’ काय आहे, हे आपण बाहेरून बघून भरू शकत नाही, हेही त्यांना त्या क्षणी उमगलं. मला समजावून सांगावं लागलं नाही.

पाचव्या भेटीला मुलगाही होता. विचारू नका असं ठरलेलं असताना वडिलांनी विचारलंच, "तू मुलगा आहेस ना रे?"

मुलगा म्हणाला, "मला अजून नीट माहीत नाही, बाबा. पण नाच मी मुलगी व्हायला नाही शिकत. मला आवडतो."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मी काहीच बोलले नाही. ते म्हणाले, "बरं. घाई नाही." मग टेबलावरची बाटली त्याच्याकडे सरकवली. त्याने पाणी प्यायलं.

‘माहीत नाही’ हे पूर्ण उत्तर आहे. पालकांना त्यातून सुटका हवी असते, म्हणून ते दोन्ही बाजूंनी घाई करतात. कुणी "बघा, मुलगाच आहे" म्हणून सुटकेचा श्वास टाकतं, तेव्हा मूल शिकतं की दुसरं उत्तर दिलं असतं तर घर कोसळलं असतं. कुणी पुरोगामी उत्साहात आठवड्याभरात नवं नाव, नवे कपडे, नातेवाइकांना बातमी असं सगळं करून टाकतं. दोन्हीत मूल मागे राहतं. मुलाने नाव किंवा सर्वनाम बदलून मागितलं तर घरात ते वापरून बघायला हरकत नाही, त्यात मागे फिरता येतं. शरीराचे उपचार हा वेगळा टप्पा आहे. तो मानसोपचारतज्ज्ञ आणि एंडोक्रायनॉलॉजिस्ट यांच्याबरोबर, वेळ घेऊन. पुढे कुणाबद्दल आकर्षण वाटेल हा तर चौथाच प्रश्न, तो या तिन्हींत मिसळू नका. ओळख ‘दुरुस्त’ करून देतो म्हणणाऱ्याकडे नेऊ नका: राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे ‘उपचार’ व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत ओळख शरीराच्या लिंगाशी न जुळणं ही बाब मनोविकारांत राहिलेली नाही. ‘लग्न लावून द्या’ हा सल्ला तर दोन माणसांचं आयुष्य एका झटक्यात मोडतो. मूल जेवेनासं झालं, स्वतःला इजा करू लागलं, निरोपाची भाषा बोलू लागलं, तर ओळखीचा प्रश्न बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आठव्या भेटीपर्यंत बाटली रिकामी घरी यायला लागली होती. कथकचा क्लास शनिवारी ठरला, पोचवायचं काम वडिलांकडे आलं. निघताना ते फोल्डर त्यांनी मला देऊ केलं, "फाइलला ठेवता का?" मी म्हटलं, घरीच ठेवा, लसीकरणाच्या कार्डाशेजारी. तो त्याच्या तब्येतीचा कागद आहे, तेवढाच.

ते आणि मुलगा दाराशी गेले. आई खुर्चीवरची ओढणी सावरत म्हणाली, "तुम्ही व्हा पुढं, मी आलोच."