१०८ ची ॲम्ब्युलन्स बोलावली तर नंतर बिल येतं का?

नाही, महाराष्ट्रात १०८ च्या गाडीचे पैसे पेशंटने द्यायचे नसतात. घरून दवाखान्यात नेणं, वाटेतला ऑक्सिजन, औषधं सगळं फुकट, आणि उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्डही लागत नाही. मी सरकारी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीवर बसतो, हा प्रश्न रोज येतो. ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये ९३७ गाड्यांवर सुरू झाली. खर्च सार्वजनिक आरोग्य विभागाचा, गाड्या चालवायचं कंत्राट खासगी कंपनीकडे. गाडीतले डॉक्टर फॉर्म भरून नातेवाइकाची सही घेतात, तिला बरेचजण बिचकतात. ती बिलाची नसते. ड्रायव्हरने 'डिझेलचे' म्हणून काही मागितलं तर देऊ नका, १०८ वरच तक्रार करा.

मात्र १०८ साधारणपणे जवळच्या सरकारी रुग्णालयात नेते. 'आमच्या ओळखीच्या हॉस्पिटललाच न्या' असा हट्ट असेल तर बहुतेक वेळा खासगी गाडी करावी लागते, आणि तिथे मीटर सुरू होतो: ठरावीक किलोमीटरपर्यंत एकरकमी भाडं, पुढे किलोमीटरमागे, शिवाय थांबल्याचे. हे दर आरटीओच्या पातळीवर ठरतात, म्हणून गाडीत बसण्याआधी दरपत्रक मागा. परतीचं भाडं कोण देणार हेही तेव्हाच विचारा, भांडणं हमखास त्यावरूनच होतात.

गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर १०२ आहे, तीही मोफत, आणि ती घरीसुद्धा सोडते.