रात्रपाळी घेण्याआधी

संध्याकाळच्या आणि रात्रीच्या पाळीला एकाच मापाने मोजू नका. संध्याकाळच्या पाळीत झोप फारशी बिघडत नाही, बिघडतं ते घरच्यांशी बोलणं. रात्रपाळीत मात्र शरीराच्या घड्याळाशीच झगडा असतो.

फायदे खरे आहेत: भत्ता, कमी गर्दी, वरिष्ठांची कमी वर्दळ, बँकेच्या कामांना मोकळा दिवस. पण हा 'मोकळा दिवस'च घात करतो. लोक तो कामांत घालवतात आणि जेमतेम चार तास झोपतात. सात तास आधी राखून ठेवा, कामं नंतर.

पहाटे 3 ते 5 ही सर्वात वाईट वेळ. शरीराचं तापमान तेव्हा नीचांकावर असतं, आकडे चुकतात. तपासणीचं, जोखमीचं काम शक्यतो त्याआधी उरका. डुलकी 20 मिनिटांचीच. जास्त झाली तर गाढ झोपेतून उठल्यावर डोकं जड राहतं. कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच, कारण निम्मं कॅफीन उतरायलाही सुमारे पाच तास लागतात. मध्यरात्री जड जेवण नको, पित्त हमखास.

सकाळचं ऊन मेंदूला जागं करतं. पायी किंवा बसने जात असाल तर गडद चष्मा लावा. स्वतः गाडी चालवणार असाल तर नको, आधीच पेंग येत असते. खोलीत जाड पडदे, फोन बंद.

पाळी फिरती असेल तर क्रम विचारून घ्या. सकाळ, संध्याकाळ, रात्र असा पुढे सरकणारा क्रम सोसतो. उलटा फार जाचतो. मधुमेह, अपस्मार किंवा गरोदरपण असेल तर होकार देण्याआधी डॉक्टरांना विचारा.